परार्ध पुरत नाही

मे महिन्यात बीडमध्ये पारा ४२ अंशांवर गेला तर कुणी त्याची बातमी करत नाही. भौतिकशास्त्रज्ञ तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजतात. त्या मापाने ही दुपार ३१५ केल्विनची. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी केल्विन असतात, म्हणजे बीडच्या उन्हापेक्षा साधारण ४८ हजार पट. आता उलट्या दिशेने जाऊ. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी बिस्मथचे शुद्ध स्फटिक इतके थंड केले, की ०.०००५३ केल्विनला त्यांचा विद्युतरोध संपला आणि ते अतिसंवाहक झाले. डिसेंबर २०१६ मध्ये हे काम ‘सायन्स’मध्ये आलं. बीडची दुपार त्या बिस्मथपेक्षा सहा लाख पट गरम आहे. पटींचा हिशेब धरला, तर बीडहून सूर्याच्या पोटात शिरणं हा लहान प्रवास, आणि बीडहून कुलाब्याच्या त्या यंत्रात शिरणं हा त्याच्या बारा पट लांबचा. ताऱ्यांमधलं रिकामं अवकाशसुद्धा २.७ केल्विनचं आहे, म्हणजे बिस्मथपेक्षा पाच हजार पट उबदार.

या प्रयोगात थंडी ही एकच अडचण नव्हती. बिस्मथमध्ये साधारण एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो, आणि तेवढ्यांतून अतिसंवाहकता उभी राहते. ती किती नाजूक? ५.२ मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तिला मोडायला पुरतं. आपण चालतो त्या जमिनीवर पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या वर आहे. म्हणजे होकायंत्राची सुई जेमतेम हलवणारी गोष्टही इथे आठपट जास्त होते. स्फटिकातच चुंबकीय अणूंची भेसळ असेल तर काय होईल, याचा एक अंदाज लँथनमवरून येतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५८ मध्ये लँथनममध्ये एक टक्का गॅडोलिनियम मिसळल्यावर त्याचं अतिसंवाहक होण्याचं तापमान पाच केल्विनच्या वरून एक केल्विनच्या खाली आलं. एका टक्क्याला पाच केल्विन, म्हणजे दहा लाखांत एका अणूला अर्धा मिलिकेल्विन. लँथनमचा हिशेब बिस्मथला जसाच्या तसा लागणार नाही. पण बिस्मथकडे एकूण भांडवलच अर्ध्या मिलिकेल्विनचं आहे, हे लक्षात घेतलं की दहा लाखांतला एक अणू क्षुल्लक वाटत नाही.

दहा लाखांत एक हे ऐकायला सोपं आहे. ते डोळ्यांपुढे आणायला बीड जिल्हाच घेऊ. एक ग्रॅम सोन्यात अणू असतात सुमारे तीनावर २१ शून्ये. प्रत्येक अणूच्या जागी ज्वारीचा एक दाणा ठेवला, दाण्याचं वजन ३० मिलिग्रॅम धरलं, आणि ती सगळी ज्वारी आष्टीपासून परळीपर्यंत, जिल्ह्याच्या १०,६९३ चौरस किलोमीटरवर सारखी पसरली, तर थर साडेअकरा किलोमीटर उंच होईल. एव्हरेस्ट त्यात बुडून वर अडीच किलोमीटर ज्वारी उरेल. आज सगळं जग मिळून वर्षाला जेवढं धान्य पिकवतं, तेवढं साठवत गेलं तर हा ढीग व्हायला तीस हजार वर्षं लागतील. हे एका ग्रॅमचं झालं. तोळ्याचं वाचकांनी करावं.

त्या ढिगात दहा लाखांच्या जागी दर लाख दाण्यांमागे एक खडा असला, तरी आपण म्हणू, ज्वारी स्वच्छ आहे. सगळे खडे निवडून जिल्हाभर पसरले तर थर जेमतेम साडेअकरा सेंटीमीटरचा होईल. वर साडेअकरा किलोमीटर दाणे, खाली वीतभरही नाही एवढे खडे. तरीही शून्याजवळच्या थंडीत सोनं कसं वागेल हे ते खडे ठरवतात. १९३४ मध्ये हॉलंडमधल्या लायडेन इथे द हास, द बूर आणि व्हान डेन बर्ग हे तिघे सोन्याच्या तारेचा विद्युतरोध मोजत होते. थंड करत जावं तसा रोध कमी होत जायला हवा. तसा तो झाला, आणि काही केल्विनवर आल्यावर पुन्हा वाढू लागला. तीस वर्षं याचा उलगडा झाला नाही. १९६४ मध्ये जपानच्या जुन कोंडो यांनी तो केला. दोष सोन्याचा नव्हता. त्यात मिसळलेल्या लोखंडासारख्या चुंबकीय अणूंचा होता. असा प्रत्येक अणू एक इवलं चुंबक असतो, भौतिकशास्त्रात त्याला स्पिन म्हणतात, आणि शेजारून जाणारे इलेक्ट्रॉन त्याच्यावर आपटून आपली दिशा उलटवतात. या रोधाच्या तळाचं तापमान भेसळीच्या पंचममुळावर चालतं. ते दुप्पट करायचं तर भेसळ बत्तीसपट वाढवावी लागते. भेसळ कितीही कमी करा, तो तळ काही सहजासहजी जात नाही.

कोंडोंच्या गणितात आकड्यांचा खरा तमाशा पुढेच आहे. सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांची स्वतःची ऊर्जा तापमानात मांडली तर ती सुमारे ६४ हजार केल्विन येते. खड्याची आणि इलेक्ट्रॉनांची एकमेकांवरची पकड ०.२ असेल, तर ४३० केल्विनखालीच इलेक्ट्रॉन त्या स्पिनला चारी बाजूंनी घेरून त्याचं चुंबकत्व झाकून टाकतात. पकड निम्मी केली, ०.१, की हे व्हायला २.९ केल्विन लागतात. आणखी निम्मी, ०.०५, की ०.१३ मिलिकेल्विन, बिस्मथच्याही खाली. पुन्हा निम्मी केली की दशांशचिन्हानंतर बारा शून्ये आणि मग तीन. चार पायऱ्यांत आपण उकळत्या पाण्याच्या वरून निघून, कुठल्याही यंत्राने धातू थंड होऊ शकत नाही अशा ठिकाणी पोचलो. तरी एक गोष्ट पक्की राहते. पकड कितीही क्षीण असली, तरी पुरेसं थंड केलं की धातूतला असा स्पिन शेवटी झाकला जातोच. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत त्याला उंबरठा नाही.

उंबरठा येतो तो बोसॉनांच्या गर्दीत.

बोसॉन हे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडलं. जून १९२४ मध्ये त्यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनना आपला लेख पाठवला. इलेक्ट्रॉन एका अवस्थेत एकच मावतो. बोसॉन कितीही मावतात. प्रकाशाचे कण बोसॉन आहेत. स्फटिकातली ध्वनिकंपनं बोसॉन आहेत. चुंबकी पदार्थात स्पिनांच्या रांगांमधून जाणाऱ्या लहरीही तशाच. आता धातू बाजूला ठेवून चुंबकी भेसळीचा एक अणू अशा कंपनांच्या भोवतालात बसवू. त्याला दोनच दिशा आहेत असं समजू, वर किंवा खाली. क्वांटम नियमांनुसार तो एका दिशेत स्वस्थ राहत नाही, दोन्हींत ये-जा करत राहतो. भोवतालची सगळी कंपनं मात्र त्याच्या दिशेकडे थोडी थोडी झुकलेली असतात. स्पिनला उलटायचं तर या सगळ्यांना सोबत घेऊन उलटावं लागतं. प्रत्येक कंपन ९९.९ टक्के राजी आहे असं धरा. हजार कंपनं असली तर एकूण राजीपणा ३७ टक्क्यांवर येतो. दहा हजार असली तर लाखात साडेचार. लाख असली तर दशांशचिन्हापुढे ४३ शून्ये, आणि मग साडेतीन. कुणीच नकार दिलेला नाही, तरी काम होत नाही.

अँथनी लेगेट आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या गणिताचा मोठा आढावा लिहिला. त्यातलं एक सूत्र शाळकरी मुलालाही वापरता येईल. भोवतालाच्या पकडीला अल्फा म्हणतात. अल्फाला एक-वजा-अल्फाने भागायचं. येईल तो घातांक. स्पिनचा मूळ वेग आणि भोवतालातल्या सर्वांत वेगवान कंपनाचा वेग यांच्या गुणोत्तराचा तेवढा घात करायचा, आणि मूळ वेगाला त्याने गुणायचं. आपण आपल्यापुरता एक नमुना घेऊ. स्पिन एकटा असताना सेकंदाला शंभर कोटी वेळा उलटतो, आणि भोवतालाची कमाल त्याच्या हजारपट आहे.

अल्फा ०.५ झाला की घातांक १. स्पिन सेकंदाला दहा लाख वेळाच उलटतो. हजारपट सुस्त, पण अजून चपळच म्हणायचा. याच्या पुढे उलटण्यातली लयही जाते, उरते ती संथ घसरण. अल्फा ०.८, घातांक ४. आता एका उलटण्याला साधारण १७ मिनिटं लागतात. अल्फा ०.९, घातांक ९. लागणारा वेळ एकावर १८ शून्ये सेकंद.

इथे थोडं थांबून मोजपट्टी बदलायला हवी. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र असं करत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व यांच्या पुढे जात शेवटचं स्थान परार्ध, एकावर सतरा शून्ये. भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड. ते म्हणजे बीडच, असं मानणारा एक पक्ष आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा पक्ष अधिक वजनदार, कारण तिथे त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे. मला हा वाद सोडवायचा नाही. बीडवर लिहिताना परार्ध वापरण्याची सवलत तेवढी घेतो. ११५० मध्ये एवढं मोठं स्थान नेमकं कशासाठी लागत असेल ते असो, आज ते उपयोगी पडतं. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, सेकंदांत साधारण सव्वाचार परार्ध. परळीच्या औष्णिक केंद्राची तिन्ही युनिटं मिळून ७५० मेगावॅट. त्यांना परार्धाने भागलं तर साडेसात नॅनोवॅट येतात, आणि मिलिकेल्विनच्या खाली उतरणाऱ्या यंत्रांत एवढीशी उष्णता आत झिरपली तरी चिंतेचं कारण असतं.

तर अल्फा ०.९ ला आपल्या स्पिनला एकदा उलटायला दहा परार्ध सेकंद लागतात, म्हणजे ३२ अब्ज वर्षं. विश्व जन्मल्यापासून तो उलटू लागला असता तर अजून अर्ध्या वाटेवरही नसता. ०.९५ ला वर्षांचा आकडा तिनावर ४० शून्यांचा. ०.९९ ला घातांक ९९, आणि सेकंद एकावर २८८ शून्ये. परार्धांत सांगायचं तर सतरा परार्ध एकमेकांना गुणत गेलं की जवळपास तिथे पोचतो. (१७ गुणिले १७ म्हणजे २८९. एका शून्याने जास्त होतं, तेवढं वाचकांनी सांभाळून घ्यावं.) अल्फा १ झाला की वेळ मोजण्याचा प्रश्नच मिटतो. स्पिन एका दिशेत कायमचा अडकला.

याच जागेला क्वांटम अवस्थांतर म्हणतात. पाण्याचा बर्फ होतो तो तापमान उतरल्यामुळे. इथे तापमान आधीच शून्य आहे, उतरायला काही उरलेलंच नाही. बदलतो तो फक्त भोवतालाच्या पकडीचा आकडा. ०.९९ ला स्पिन मोकळा, १ ला बंदिस्त. आणि हे भोवतालात कोणती कंपनं किती आहेत त्यावर ठरतं. साध्या घन स्फटिकातल्या ध्वनिलहरींत मंद कंपनं इतकी थोडी असतात, की हा उंबरठा येतच नाही. पकड कितीही वाढवा, स्पिन अगदी संथ का होईना, उलटत राहतो. मंद कंपनांचा वाटा एका ठरावीक प्रमाणात असला की वर सांगितलेलं सूत्र लागू होतं आणि उंबरठा १ वर येतो. तो वाटा त्याहून वाढला की वेगळाच प्रकार सुरू होतो. तिथे स्पिनचा मूळ वेग कमी असेल, तर थोडीशी पकडही त्याला जखडायला पुरते. मला या विषयातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. भेसळीचं भवितव्य भोवतालातल्या जोरकस कंपनांनी ठरत नाही. जी कंपनं इतकी मंद आहेत की जवळजवळ हलतच नाहीत, ती ठरवतात.

मग हे सगळं मोजलं कसं, असं कुणी विचारेल. केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये कोंडोंच्या प्रश्नासाठी एक युक्ती काढली. पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते अवस्थांतरांच्या सिद्धांतासाठी, पण ही युक्ती त्याच घरातली. ऊर्जेची उतरंड पायऱ्यांनी उतरायची, प्रत्येक पायरी आधीच्या निम्मी. ६४ हजार केल्विनवरून ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत यायला फक्त २७ पायऱ्या पुरतात. अल्फा ०.९ च्या त्या ३२ अब्ज वर्षांपर्यंत पोचायला शंभर. संख्या केवढीही अवाढव्य असो, निम्मी निम्मी करत गेलं की ती मुठीत येते.

बोसॉनांनी इथेही अडवलं. इलेक्ट्रॉनाची एक पायरी घेतली तर त्यात मोजक्या शक्यता असतात. बोसॉनांच्या एका पायरीत मात्र शून्य, एक, दोन असे हवे तितके कण मावतात, शक्यता अनंत. राल्फ बुल्ला, निंग-हुआ तोंग आणि मॅथियास व्होय्टा यांनी २००३ मध्ये विल्सनची पद्धत बोसॉनांच्या भोवतालाला लावली, तेव्हा प्रत्येक पायरीवर मोजक्याच शक्यता ठेवून बाकीच्या टाकून द्याव्या लागल्या. दहा दहा ठेवल्या तरी शंभर पायऱ्यांत मिळून एकावर शंभर शून्ये. दिसणाऱ्या सगळ्या विश्वातले अणू एकावर ८० शून्यांच्या आसपास आहेत. त्यामुळे प्रत्येक पायरीवर छाटणी करत जाण्यावाचून इलाज नाही, आणि नेमक्या त्या छाटणीने दगा दिला. उंबरठ्यापलीकडे, जिथे स्पिन अडकतो, तिथे मंद कंपनं इतकी दूर झुकतात की दहा काय, शंभर शक्यताही त्यांना पुऱ्या पडत नाहीत. काही वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि उंबरठ्याजवळच्या वागण्याचे काही घातांक चुकीचे छापले गेले. २००९ मध्ये मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक नमुने घेण्याच्या पद्धतीने स्वतंत्रपणे मोजणी झाली, तेव्हा हे उघड झालं. त्या दुरुस्तीच्या लेखावर व्होय्टा आणि बुल्ला यांचीही नावं आहेत. आपल्याच आधीच्या आकड्यांना खोटं ठरवणाऱ्या लेखाखाली सही करणं सगळ्या क्षेत्रांत चालत नाही, एवढंच सुचवतो.

स्पिनला वर-खाली या दोन दिशांऐवजी तिन्ही मिती मोकळ्या ठेवल्या तर आणखी वेगळंच घडतं. दिल्लीत जन्मलेले सुबीर सचदेव, चिरंजीव बुरागोहाईं आणि व्होय्टा यांनी १९९९ मध्ये असा स्पिन एका पातळ प्रतिलोहचुंबकात, म्हणजे शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट असलेल्या पदार्थात, ठेवून पाहिला, अर्थात कागदावर. हा चुंबकी थर स्वतःच अवस्थांतराच्या काठावर आहे, म्हणजे त्यातल्या लहरी अतिशय मंद झालेल्या. निसर्गात प्रत्येक स्पिनचं माप अर्धा, एक, दीड असं ठरलेलं असतं. इथे मात्र भोवतालाच्या लहरींत गुंतलेला तो स्पिन बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला जे उत्तर देतो, त्यावरून काढलेलं त्याचं माप यांपैकी कशातच बसत नाही. ते अपरिमेय येतं. दशांशांत लिहायला बसलं तर संपणार नाही, आणि भेसळ कोणत्या अणूची होती यावर ते अवलंबूनही नसतं. हे नुसतं कागदावरचं नवल नव्हतं. तांब्याच्या ऑक्साइडांतल्या उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांत तांब्याच्या दोनशे अणूंमागे एकाच्या जागी जस्त घातलं, तर न्यूट्रॉनांच्या प्रयोगात दिसणारं चुंबकी शिखर पसरट होतं. जस्ताला स्वतःचा स्पिन नाही. ते तिथला एक स्पिन फक्त काढून टाकतं. आपल्या बीडभरच्या ढिगात इथे खडा टाकलेला नाही, दोनशे दाण्यांमागे एक दाणा उचललेला आहे, आणि तेवढ्याने सगळ्या ढिगाची लहर बदलली.

आता या गणिताला तापमानाची मर्यादा लावून पाहू. कोणत्याही स्पिनचं शून्याजवळचं खरं वागणं दिसायचं, तर भोवताल त्याच्या उलटण्याच्या वेगाला साजेल इतका थंड असावा लागतो. सेकंदाला दहा लाख वेळा उलटणाऱ्या, म्हणजे अल्फा ०.५ च्या आपल्या स्पिनला ७.६ मायक्रोकेल्विनची थंडी लागते. १७ मिनिटांत एकदा उलटणाऱ्याला त्याहून शंभर कोटी पट खाली जावं लागतं. कुलाब्यात बिस्मथने रोध सोडला, त्या ०.५३ मिलिकेल्विनला या नमुन्याच्या स्पिनचा अल्फा फक्त ०.२८ पर्यंत पाहता येईल. आजवर माणसाने गाठलेलं सर्वांत कमी तापमान ३८ पिकोकेल्विन आहे. २०२१ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनच्या उंच मनोऱ्यातून रुबिडियमच्या अणूंचा वायू खाली सोडून ते साधलं. घन पदार्थ इतका थंड करायची सोय कुणाकडेच नाही, पण असती, तरी ०.७३ पर्यंतच मजल गेली असती. ०.७३ पासून १ पर्यंतची सगळी पट्टी, तिच्यातली ३२ अब्ज वर्षं आणि २८८ शून्ये धरून, अशा स्पिनसाठी आज फक्त गणितात आहे. प्रयोग करणारे म्हणूनच भोवतालाशी घट्ट गुंतलेले, पण मुळात अतिवेगाने उलटणारे स्पिन शोधतात. मूळ वेग शंभरपट वाढवून तो भोवतालाच्या कमालीच्या दशांशावर आणला, तर ०.९ ला त्याच स्पिनला ३२ अब्ज वर्षांऐवजी सेकंदाचा शंभरावा भाग लागतो.